घोड्यानं पाणी कुठं पेलं?

नव्हता हो. घोडा नव्हता म्हणजे नव्हता. आता तुमी मंडळी नार्नूरच्या बसमधून उतरता, पायावरची धूळ झटकत नाई, पाणी मागत नाई, अन् पहिला सवाल काय, तर "शेटजी, घोड्याचं खूर कुठं हाय?"... बसा, बाकावर बसा, त्या टोकाले बसू नका, तो पाय लंगडा हाय... तुमाले सांगतो, चाळीस वर्षं झाली मले या दुकानात, मीठ-मिरची विकली, सरकी विकली, कंदिलाच्या काचा विकल्या, पण मांडवखेडात येणारा माणूस सौद्याच्या आधी घोड्याचं नाव काढन, असं कोणी मले तवा सांगितलं असतं, तर मी त्या घोड्याले जन्मच दिला नसता. हो, जन्म. मीच दिला. हे जे चिंचेचं झाड तुमच्या डोक्यावर हाय ना, याच्याच खाली, चौऱ्यांशी सालच्या दिवाळीनंतर, याच टिनाच्या सावलीत बसून.

तुमी म्हणान, काऊन? मंग ऐका. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तर बदलून गेले म्हणून अर्धी. बापानं वावर भावाले दिलं अन् मले म्हणे, "लखन, तुले तोंड हाय, तू दुकान टाक." टाकलं. गावात जागा कोणी देईना, म्हणून रस्त्याच्या कडेला ही चिंच पाह्यली, चार खांब, वर टिन, आत दोन डबे गोडं तेल, गूळ, तंबाखू. आठ दिवस झाले, गिऱ्हाईक नाई. पंधरा दिवस झाले, नाई. समोरून कापसाच्या गाड्या जायच्या आदिलाबादच्या बाजाराले, एकामागं एक, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या अशा वाजायच्या की अजून पहाटे जाग आली की कानात येतात... अन् बरोब्बर माझ्या दुकानापाशी आल्या की गाडीवान बैलाची शेपटी पिळायचा अन् गाडी पळवायचा. मी एकाले थांबवलं, म्हटलं, "भाऊ, मी चावतो काय?" तो म्हणे, "तुमी नाई शेट. ते वर हाय ते चावते." चिंचेवर भूत. साऱ्या मुलखाले माहीत, फक्त मलेच माहीत नव्हतं, अन् मी त्याच्या खाली गुळाचा डबा मांडून बसलेलो.

आता भूत घालवायले भगत बोलवा, कोंबडं आणा, लिंबं कापा... एवढं भांडवल होतं कुठं माझ्यापाशी? माझ्यापाशी तोंड होतं. मी एक गोष्ट सोडली. निजामाच्या राजात जिल्ह्याचा मोठा साहेब म्हणजे तालुकदार. तर तालुकदारसाहेब दौऱ्यावर निघाले उटनूरकडे, इथं आले अन् घोडा बसला. आजारी. उठेना. या चिंचेखाली बांधला, तीन दिवस सावलीत ठेवला, चौथ्या दिवशी घोडा टुणकन उठला अन् त्यानं असा पाय आपटला, असा, की दगडात खूर उमटलं. साहेब खूश. हुकूम केला, मांडवखेडचा एका सालाचा शेतसारा माफ. अन् भूत? अहो, निजामाच्या घोड्यानं पाय आपटल्यावर भुताची काय मजाल थांबायची? त्याच दिवशी पळालं, म्हटलं, यवतमाळच्या बाजूनं गेलं.

झालं. पहिली गाडी थांबली, गाडीवानानं विडी पेटवली, वर पाह्यलं, खाली पाह्यलं, म्हणे, "खूर कुठं हाय?" मी बोट दाखवलं. समोर दगड होता, त्याच्यात वाटीएवढा खळगा. तुमाले सांगतो, कोणाले सांगू नका असं म्हणत नाई, मी साऱ्याईले सांगून थकलो... तो खळगा माझ्या गुळाचा हाय. गुळाची भेली त्या दगडावर ठेवायची अन् लोखंडी मुसळीनं फोडायची, बस्स. चौऱ्यांशीत वाटीएवढा होता, आता पाहा, चांगला खुराएवढा झाला हाय, कारण चाळीस वर्षं मी तिथंच गूळ फोडून राह्यलो. अन् मुंग्या येतात ना तिथं, तर बाया हात जोडून म्हणतात, "पाहा माय, दगडबी गोड झाला."

घोडा नव्हता. पण दुकान चाललं.

मंग काय झालं, कोणाचं तरी पोरगं तीन वर्षांचं झालं तरी बोलेना, तर त्याच्या आईनं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी चिंचेखाली द्रोणात भिजवलेला हरभरा ठेवला. घोड्यासाठी. पोरगं दिवाळीत बोललं. ते बोलणारच होतं हो, त्याचा बापही उशिराच बोलला होता, अन् एकदा बोलायले लागला तो थांबलाच नाई. पण दुसऱ्या सालापासून अकरा द्रोण. आता सारं गाव ठेवते. पोळ्याले बैल सजवतात, जितके उरले तितके, बाकीचे ट्रॅक्टरले झूल घालतात, अन् दुसऱ्या दिवशी नवी सून, नवं पोर, नवा ट्रॅक्टर, सारे चिंचेले पाच फेरे मारून हरभरा ठेवतात. अन् हरभरा कोणाच्या दुकानातून जाते? आता तुमीच सांगा, मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो की घोडा नव्हता?

एकच बाई होती गावात, जिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भागीरथामाय. काळीसावळी, हाडकुळी, कमरेले तंबाखूची चंची. बाजाराच्या दिवशी यायची, या बाकावर बसायची, मी गाडीवानाईले घोडा सांगत असलो की तंबाखू चोळत चोळत ऐकायची अन् गालातल्या गालात हासायची. लोक गेले की म्हणे, "लखन, साऱ्या गोष्टी केल्या तुनं, साहेब आणला, हुकूम आणला, भूत पळवलं. मले एक सांग. तीन दिवस घोडा इथं होता, तर तुह्या घोड्यानं पाणी कुठं पेलं रे?" मी गुळाचा खडा जास्तीचा बांधायचो अन् म्हणायचो, "घे माय, अन् गप बस." ती गूळ घ्यायची, गप बसायची, अन् पुढच्या बाजाराले पुन्हा तेच. पंचवीस-तीस वर्षं तिनं मले तो एकच सवाल विचारला.

अन् तिनंच काऊन विचारला, तेही ऐका, कारण खरी गोष्ट ती हाय. बाहत्तर सालचा दुष्काळ. नाला आटला, गावची जुनी विहीर आटली, लोक झऱ्यातून वाटीनं पाणी भरत. शेवटी ठरलं, गाव सोडायचं, भैंशाकडं जायचं, तिकडं सरकी काढायच्या कारखान्यात काम मिळन. आमच्यात एक रीत हाय. माणूस कामाले गेला तर भांडी नेते, पांघरूण नेते, पण जातं मागं ठेवते. दळायचं जातं गाडीत चढलं म्हणजे तो माणूस परत येणार नाई, समजून जायचं. तर त्या दिवशी एकेका दारातून जाती निघाली. आमचंही निघालं. बापानं अन् काकानं मिळून गाडीत चढवलं अन् माझी आजी गाडीच्या चाकापाशी बसून राह्यली.

भागीरथामायनं तिचं जातं उचलू दिलं नाई. नवरा वारलेला, एक लेक कडेवर. लोक म्हणे, "अवं, चाल." ती म्हणे, "माह्याच्यानं उचलत नाई." लोक म्हणे, "आमी उचलतो." ती म्हणे, "उचलून पाहा." अन् सब्बल, खांदायची लोखंडी पहार, घेऊन उभी. मंग ती सब्बल घेऊन गेली त्या शाळेमागच्या पडीक जागेत अन् खांदायले लागली. तिथंच काऊन? तर तिची बकरी रोज भर दुपारी तिथंच येऊन बसायची. सावली नाई, झाड नाई, तरी तिथंच. ती म्हणे, "बकरीले खालून गार लागते, माणसाले काऊन लागत नाई?" चार दिवस एकटी. लोक गाड्या भरून उभे, हासतात, जात नाईत, कारण मुहूर्त शुक्रवारचा होता. पाचव्या दिवशी माझी आजी उठली अन् टोपलं घेऊन गेली. मंग आणिक बाया. शुक्रवार आला, गाड्या निघाल्या नाईत. अकराव्या दिवशी, अठरा हातावर, पाणी.

त्या सांजेला गाड्यांवरून जाती उतरली. तुमाले सांगतो, माझ्या आयुष्यात मी लय आवाज ऐकले, पण दुसऱ्या दिवशी पहाटे साऱ्या गावातून एकदम दळायचा आवाज आला ना... जाऊ द्या. मी एकदा मायले विचारलं, "तुले तवा कसं वाटलं?" ती म्हणे, "त्यात सांगण्यासारखं काय हाय? तहान लागली होती, खांदलं." तिले गोष्ट करताच येत नव्हती. अन् मले येत होती. तिथंच सारा घोटाळा झाला.

आता घोटाळा कसा, पाहा. माय गेली, बारा वर्षं झाली. घरोघरी सरकारी नळ आले. विहिरीत आता कबुतरं राहतात अन् वाऱ्यानं उडालेल्या पिशव्या. अन् इकडं कोणीतरी माझा घोडा मोबाईलवर टाकला. लोक यायले लागले. मंग आदिलाबादजवळच्या मावल्याहून एक पोरगी आली, देवश्री. तिचे आजोबा इथलेच, नोकरीसाठी गेले ते गेले. पोरगी कॉलेजात शिकते, वही घेऊन घरोघर फिरली, गावाचा इतिहास लिहून राह्यली. मोठी गोड पोरगी, "काका, काका" करते. अन् सरपंच महिपत, त्याच्या डोक्यात सिमेंटचा घोडा शिरला. मोठा घोडा, गोल चौथरा, बाजूले फलक, वर तेलुगू, खाली मराठी. अन् जागा कुठली? रस्त्यावर जागा नाई म्हणून शाळेमागची. तिथं मधोमध विहीर, तर ती बुजवायची. तीस ट्रॉली मुरूम, अन् मुरूम टाकणार कोण? जीवन. त्याचा ट्रॅक्टर हाय. जीवन म्हणजे भागीरथामायचा सख्खा नातू.

मी ऐकलं अन् तराजू हातात तसाच राह्यला. माझा खोटा घोडा तिच्या खऱ्या विहिरीवर उभा राहणार होता. ज्या पाण्यानं आमचं जातं गाडीतून उतरवलं, त्याच्यावर मुरूम. मले दोन दिवस जेवण गेलं नाई. तिसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा, मी दुकान बंद करून गेलो. माझ्या लग्नालेही दुकान अर्धा दिवस उघडं होतं, एवढं लक्षात घ्या.

उभा राह्यलो, म्हटलं, "भाऊहो, मायबाईनो, घोडा नव्हता."

महिपत म्हणे, "शेटजी, बरं नाई वाटून राह्यलं काय?"

म्हटलं, "बरं हाय. घोडा मी बनवला. भुतापायी."

"तुमी कसे बनवान? मी लहान होतो तवापासून ऐकून राह्यलो."

"तू लहान होता तवाच बनवला, महिपत."

"मंग झालाच ना जुना."

आता याले काय म्हणता? मी खुराचं सांगितलं, गूळ सांगितला, मुसळी सांगितली. मागून एक जण म्हणे, "घोड्याच्या खुरात गूळ फोडत होते शेटजी, तरीच बरकत हाय." अन् तेवढ्यात बयनाबाई उठल्या. नव्वदीच्या पुढं वय, दोन दात, आवाज मात्र पिपाणीसारखा. म्हणे, "नव्हता कसा? म्या सोता पाह्यला. या डोयानं. मोठा थोरला घोडा, अन् साहेबाची टोपी लाल."

मी हात जोडले. "बयनामाय, तुमी लग्न होऊन भैंशाहून आल्या बावन्न साली. निजामाचं राज जाऊन तवा चार वर्षं झाली होती."

बुढीनं मले खालपासून वरपर्यंत पाह्यलं. म्हणे, "मंग घोडा उशिरा गेला असन. आजारी नव्हता काय तो?"

साऱ्याईनं माना हलवल्या. मीच बनवला होता ना आजारी.

मंग मी खरी गोष्ट सांगितली. जाती, गाड्या, बकरी, अठरा हात, सारं. घशाले कोरड पडली सांगता सांगता. एक पोट्टं म्हणे, "भागीरथा म्हणजे ते नळाच्या योजनेचं नाव हाय ना?" म्हटलं, बाबा, ती योजना वेगळी, भगीरथ वेगळा, ही आपली माय होती, सब्बलवाली... जीवनकडं पाह्यलं, म्हटलं, सांग बाप्पा तू तरी. तर तो खाली पाहून जमीन उकरून राह्यला अंगठ्यानं. म्हणे, "जाऊ द्या ना शेटजी. आजीनं खांदली, सारेच खांदतात. गरिबाच्या बाईची गोष्ट ऐकायले नार्नूरहून बस करून कोण येते? घोड्याची बात वेगळी." अन् हे बोलताना त्याचा आवाज काही चांगला नव्हता हो. मले कळलं, त्याले कोणी कधी सांगितलंच नाई की यात मान हाय म्हणून. कोण सांगणार? सांगणारा एकच होता गावात, अन् तो चाळीस वर्षं घोडा सांगत होता.

मी खाली बसलो. देवश्री जवळ आली, पाण्याचा गिलास दिला, हळूच म्हणाली, "काका, ही पण फार छान गोष्ट आहे. नवीन बनवली का?"

तुमाले सांगतो, मले कोणी चोर म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं. खोटं बोललो तर गावानं हरभरा वाह्यला. खरं बोललो तर छान गोष्ट, नवीन बनवली का.

महिपत ठराव वाचायले लागला. "सदर विहीर निकामी असल्याने..." अन् मी गिलासातलं पाणी पेत होतो... अन् माझ्या कानात, जसं बाजूले बसून, तंबाखू चोळत कोणी बोलावं तसं, "लखन, तुह्या घोड्यानं पाणी कुठं पेलं रे?"

गिलास ठेवला. उठलो. म्हटलं, "थांब महिपत. माझी चूक झाली. घोडा होता."

महिपत म्हणे, "पाहा, आले ना जाग्यावर."

"होता. तीन दिवस होता. पण एक गोष्ट मी आजवर कोणाले सांगितली नाई. घोडा बरा कशानं झाला? चिंचेच्या सावलीनं? सावलीनं कधी आजार जाते काय? त्याले पाणी लागलं. साहेबाच्या शिपायाईनं नाल्याचं दिलं, तोंड लावलं नाई. जुन्या विहिरीचं दिलं, नाई. मंग एक बाई आली, कडेवर लेक, डोक्यावर घागर. तिनं सोता खांदलेल्या विहिरीचं पाणी. घोड्यानं घागरीत तोंड घातलं, सारी घागर पेला, अन् मंग उठला, अन् मंग त्यानं पाय आपटला. त्या बाईचं नाव भागीरथा. विहीर ही. बुजवा आता, बुजवायची तर."

मंग पिपाणी वाजली. "हाओ," बयनाबाई म्हणे, "घागर तांब्याची होती. म्याच तर हात लावला उचलू लागाले."

देवी भलं करो त्या बुढीचं.

महिपतनं कागदाची घडी घातली. म्हणे, "घोड्याची विहीर बुजवली तर गावावर काय येईन कोण जाणे. गाळ काढू, कठडा बांधू, घोडा बाजूले उभा करू." म्हटलं, "छोटा कर." अन् जीवन उभा राह्यला. आता त्यानं बोलायचं कारण नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. पण उभा राह्यला, साऱ्या गावाकडं पाहून म्हणे, "ती माझी आजी." बस्स, एवढंच. अन् खाली बसला. गाळ त्यानंच काढला, आठ दिवस, डिझेलचंही नाव काढलं नाई.

देवश्री मात्र हुशार. सभा उठल्यावर वही घेऊन दुकानावर आली. म्हणे, "काका, एक अडचण आहे. तालुकदार अठ्ठेचाळीसच्या आधीचे. विहीर बाहत्तरची. चोवीस वर्षांचा फरक पडतो."

म्हटलं, "पोरी, घोड्याले तहान लय होती. थांबला."

तिनं माझ्याकडं पाह्यलं, मंग चिंचेकडं, मंग त्या दगडाकडं. गूळ लागलेला होता त्याले, मुंग्या फिरून राह्यल्या होत्या. बोट लावलं, जिभेवर ठेवलं. वहीत लिहिलं, "गावातील लोक असे सांगतात." अन् त्याच्या खाली दोन पानं, जाती, बकरी, अठरा हात, सारं लिहून घेतलं, मी सांगत गेलो, ती लिहीत गेली, अन् मधात एकदा पेन ठेवून डोळे पुसले. त्या दोन पानाईच्या वर तिनं "असे सांगतात" लिहिलं नाई. मी पाह्यलं.

फलक लागला परवाच. रंगारी कुलदीप आदिलाबादहून आला होता. वर तेलुगूत 'गुर्रम', खाली मराठीत 'घोडा', हे मोठं मोठं, अन् त्याच्या खाली, जरा बारीक, पण वाचता येते, "श्रीमती भागीरथाबाई यांनी स्वतः खोदलेली विहीर." फलकावर चित्र काढायले बसला अन् मले हाक मारली, "शेटजी, तुमाले माहीत असन. घोडा कोणत्या रंगाचा होता?"

चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तोंडावर आलंच होतं माझ्या की बाबा, घोडा नव्हता... मंग त्यानं फलकावर आखलेली घागर पाह्यली, अजून रंगवायची होती. म्हटलं, "पांढरा. पुढच्या उजव्या पायाले काळा ठिपका. अन् पाणी पेताना डोळे मिटत होता, तसंच काढ. बाई मात्र मोठी काढ, घोड्यापेक्षा जराशी उंच."

तर असं हाय. खूर पाहायचं तर हे समोर, पाय नका ठेवू, चिकट हाय. पण आधी शाळेमागं जा, दोर-बादली ठेवली हाय, दोन घोट पेऊन पाहा. घोडा नव्हता, पण पाणी खरं हाय.

अन् हरभरा भिजवलेला तयार हाय. किती देऊ?